मानधन आणि मान

मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, या महानगराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आता २२७ प्रभागांना पुन्हा आपापले प्रतिनिधी मिळाले आहेत. नवे सभागृह आले की त्यामागोमाग एक जुना प्रश्नही येतो. नगरसेवकास मानधन किती असावे, भत्ते कोणते द्यावेत, सोयी-सवलतींची मर्यादा कोठे आखावी, हा तो प्रश्न. या विषयाचा नुसता उच्चार होताच सुशिक्षित नागरिकाच्या कपाळाला आठी पडते. "यांना आणखी कशाला?" हा सवाल दिवाणखान्यात ऐकू येतो, तसाच लोकलच्या डब्यातही ऐकू येतो. या संतापामागील अनुभव आम्ही नाकारीत नाही. परंतु संताप म्हणजे हिशेब नव्हे, आणि हा विषय प्रथम हिशेबाने पाहिला पाहिजे.

जुलै २०१७ मध्ये राज्य सरकारने मुंबईच्या नगरसेवकांचे मासिक मानधन १० हजार रुपयांवरून २५ हजार रुपये केले. या दराने २२७ नगरसेवकांचे वर्षाचे मानधन ६ कोटी ८१ लाख रुपये होते. महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. म्हणजे दर दहा हजार रुपयांच्या खर्चामागे नगरसेवकांच्या मानधनापायी एक रुपयादेखील जात नाही. हे मानधन उद्या चौपट केले, तरी बोजा २७ कोटी २४ लाखांचा होईल. दर दहा हजारांमागे चार रुपयांहून कमीच. तेव्हा करदात्याच्या खिशास कात्री लागेल ही भीती खरी नाही. मात्र या क्षुल्लक दिसणाऱ्या रकमेवर, उरलेल्या ७४ हजार कोटींवर पहारा कोण करणार हे बऱ्याच अंशी अवलंबून आहे. विषयाचे खरे महत्त्व येथे आहे.

आता दुसरा हिशेब पाहावा. महिना २५ हजार या दराने पाच वर्षांच्या मुदतीत नगरसेवकास एकूण १५ लाख रुपये मिळतात. २०२६ च्या निवडणुकीत मुंबईतील उमेदवारास खर्चाची कायदेशीर मर्यादा होती तीही १५ लाख रुपयांचीच. म्हणजे ज्या उमेदवाराने स्वतःच्या पैशाने, मर्यादा न ओलांडता, निवडणूक लढविली, त्याची पाच वर्षांची सारी कायदेशीर प्राप्ती त्या एका निवडणुकीतच खर्ची पडली. मग घरभाडे, मुलांचे शिक्षण, प्रभागातील कार्यालयाचे वीजबिल आणि तेथे बसणाऱ्या मदतनीसाचा पगार हे सारे कोठून यावयाचे? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एकतर वडिलोपार्जित संपत्ती हे आहे, किंवा चालता धंदा हे आहे. तिसरे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. ते कागदावर कोणी लिहीत नाही. शिवाय २०१७ चे २५ हजार २०२६ मध्ये २५ हजार राहिलेले नाहीत. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर त्याच खरेदीस नऊ वर्षांनी ३८ हजारांहून अधिक लागतात.

लोकसेवा ही विनामूल्यच असावी, असा एक उदात्त पक्ष आहे आणि त्यास आपल्या शहरांच्या इतिहासाचा आधारही आहे. मुंबईच्या नगरकारभाराची घडी बसविणारे सर फिरोजशहा मेहता यांनी मानधनाची अपेक्षा केली नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी एकट्याने त्याविरुद्ध मत दिले. जनतेचा पैसा कसा राखावा, याचा याहून चांगला धडा कोणत्याही सभागृहास देता येणार नाही. परंतु या थोर उदाहरणांतील एक गोष्ट आपण विसरतो. फिरोजशहा नामांकित बॅरिस्टर होते, आणि जोतीरावांचा बांधकामाच्या कंत्राटांचा स्वतंत्र व्यवसाय होता. कोणाचे मिंधे न होता बोलता येईल, एवढी पायाखालची जमीन दोघांपाशीही होती. त्यांच्या निःस्पृहतेचे मोल याने तिळमात्र कमी होत नाही. मात्र ज्याच्यापाशी अशी जमीन नाही, त्याला सभागृहात येण्याची वाट कोणती, याचे उत्तर त्या उदाहरणांत सापडत नाही.

त्या काळी मतदार करदाते होते आणि सदस्य प्रतिष्ठित होते. १९४८ मध्ये मुंबईने प्रौढ मताधिकाराने आपले सभागृह निवडले आणि गिरणीकामगाराच्या मतास शेटजींच्या मताइतकेच वजन आले. परंतु मत देण्याचा अधिकार सर्वांना देणे आणि प्रतिनिधी होण्याची ऐपत सर्वांच्या आवाक्यात आणणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडमधील चार्टिस्ट चळवळीने हे मर्म १८३८ मध्येच ओळखले होते. मताधिकाराच्या मागणीबरोबरच पार्लमेंटच्या सभासदांस वेतन मिळावे, अशी मागणी तिने आपल्या सनदेत नोंदविली. ती पुरी होण्यास १९११ साल उजाडले. त्या वर्षी सभासदांस सालिना ४०० पौंड मिळू लागले. वेतनावाचून मजुराचा प्रतिनिधी मजूर होऊ शकत नाही, ही गोष्ट तेथील श्रीमंतांना पटण्यास पाऊणशे वर्षांच्या आसपास काळ लागला.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी एका कारणाने निकडीचा झाला आहे. २०१२ च्या निवडणुकीपासून मुंबईच्या सभागृहातील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. शाळेतील नोकरी सोडून, किंवा घरगुती व्यवसायावर पाणी सोडून येणाऱ्या स्त्रीस स्वतःचे असे उत्पन्न उरले नाही, तर ती कोणाच्या आधाराने उभी राहणार? तिचा खर्च पती, दीर वा पक्षाचा स्थानिक पुढारी चालवील, आणि जो खर्च चालवील तोच फाइलीवर बोट ठेवील. "नगरसेविकेचे यजमान" ही जी एक अनधिकृत संस्था आपल्या शहरांत रूढ झाली आहे, तिचे एक मूळ या परावलंबनात आहे. जागा राखून ठेवावयाच्या आणि त्या जागेवर ताठ मानेने बसण्याचे साधन मात्र द्यावयाचे नाही, हे धोरण अर्धवट आहे.

यावर आक्षेप येईल की, मानधन वाढल्याने भ्रष्टाचार थांबतो काय? थांबत नाही, हे आम्ही स्पष्टपणे मान्य करतो. ज्यास टक्केवारीची चटक लागली, त्याची भूक कोणत्याही मानधनाने भागावयाची नाही. परंतु अपुरे मानधन दुहेरी अनर्थ करते. प्रामाणिक मनुष्य ते पाहून दुरूनच नमस्कार करतो, आणि अप्रामाणिक मनुष्यास "आम्ही खावे तरी काय?" ही सबब आयती मिळते. "बिनपगारी, फुल अधिकारी" ही आपल्याकडील म्हण थट्टेची आहे. ती कारभाराचे सूत्र म्हणून चालविणाऱ्या शहराने पुढे पगाराहून कितीतरी मोठे बिल येईल, याची तयारी ठेवावी. पुरेसे मानधन चोरास साधू करीत नाही. पण साधूस उपाशी ठेवीत नाही आणि चोरास निमित्त उरू देत नाही. एवढेही थोडे नव्हे.

मात्र मानधनाच्या बाजूने बोलताना सोयी-सवलतींच्या बाजूने आम्ही बोलत नाही. उलट, मानधन ठेंगणे ठेवून त्याची भरपाई आडमार्गाने करण्याची जी रीत पडली आहे, तीच सर्वांत घातक आहे. समित्यांच्या अध्यक्षांस मोटार, अभ्यासाच्या नावाने दौरे, कार्यालयांची सजावट, या गोष्टी पगारपत्रकावर दिसत नाहीत. म्हणून त्यांवर चर्चाही होत नाही. नगरसेवकाच्या शिफारशीने खर्च होणाऱ्या निधीची गोष्ट तर याहून गंभीर आहे. मागील सभागृहाच्या काळात हा निधी प्रत्येकी वर्षाला दीड कोटी रुपयांच्या वर होता. हा पैसा नगरसेवकाच्या खिशात जात नाही, हे खरे. तथापि ज्याच्या हाती महिना २५ हजार पडतात, त्याच्या एका सहीने पदपथ, गटारे आणि बाकडी यांवर लक्षावधी रुपये खर्च व्हावेत, या विषमतेतच मोह दडलेला आहे. उघड मानधन वाढवावे आणि झाकलेल्या सवलती कमी कराव्यात, असे आमचे मत आहे. न्यूयॉर्क शहराने २०१६ मध्ये नगरसभेच्या सदस्यांचे वार्षिक वेतन १,१२,५०० डॉलरवरून १,४८,५०० डॉलर केले, तेव्हा समित्यांच्या अध्यक्षपदांचे जादा भत्ते बंद केले आणि सदस्यांच्या बाहेरील कमाईवर निर्बंध घातले. दिले, पण अटी घालून दिले. ही शिस्त अनुकरणीय आहे.

उरला तो सर्वांत नाजूक प्रश्न: हे ठरवावे कोणी? स्वतःचे ताट स्वतः वाढून घेणारा मनुष्य हात आखडता घेत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आपल्या विधिमंडळाने आमदारांच्या वेतनात दुपटीहून अधिक वाढ चर्चेवाचून मंजूर केली, तेव्हा लोकांस चीड आली ती आकड्यापेक्षा त्या घाईची. नगरसेवकांच्या बाबतीत निर्णय राज्य सरकारचा असतो. पण त्यात दुसरा दोष आहे. निवडणुकीचा, पक्षाचा, मर्जीचा विचार करून सरकारने कधी वर्षानुवर्षे काही करू नये आणि कधी एकदम अडीचपट करावे, यात नियम कोणता? संसदेने २०१८ मध्ये खासदारांच्या वेतनाची सांगड महागाईच्या निर्देशांकाशी घातली, आणि त्या सूत्रानेच २०२५ मध्ये ते एक लाखाचे एक लाख २४ हजार झाले. इंग्लंडमधील नगरपरिषदांस आपले भत्ते ठरविण्यापूर्वी स्वतंत्र मंडळाच्या शिफारशी विचारात घ्याव्या लागतात. या दोन्ही पद्धतींतील चांगले तेवढे आपणांस घेता येईल.

आमची सूचना साधी आहे. दर पाच वर्षांनी, निवडणुकीच्या पुरेसे आधी, राज्याने एक स्वतंत्र समिती नेमावी. तीत निवृत्त न्यायाधीश, हिशेबतपासनीस, नगरशासनाचे अभ्यासक आणि सामान्य नागरिक असावेत; पदावर असलेला किंवा पदाची आशा धरणारा कोणीही नसावा. समितीने मानधन, कार्यालयाचा खर्च आणि मदतनीसाचे वेतन यांचे आकडे कारणांसह प्रसिद्ध करावेत, आणि ते पुढच्या सभागृहास लागू व्हावेत. चालू सभागृहास नव्हे. मधल्या काळात केवळ महागाईइतकी वाढ व्हावी. मानधनाची पातळी महानगरपालिकेतीलच एखाद्या मध्यम श्रेणीच्या अधिकाऱ्याच्या वेतनाशी जोडली, तर नगरसेवक नोकरशाहीसमोर याचक म्हणून उभा राहणार नाही. कार्यालयीन खर्च पावत्यांवर मिळावा, ठोक रकमेने नव्हे. सभा आणि समित्या यांतील हजेरी प्रभागागणिक जाहीर व्हावी, आणि कारणावाचून गैरहजर राहणाऱ्याचे मानधन त्या प्रमाणात कापले जावे. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेल्या सदस्यास कायदा अपात्र ठरवितोच. ती तरतूद नातलगांच्या नावाआड लपणाऱ्यांपर्यंत पोहोचेल, अशी केली पाहिजे.

आणि या शहरातील सुशिक्षित वर्गास आमचे एवढेच सांगणे आहे. मागील चार वर्षांत नगरसेवकावाचून शहर चालले, मग त्यांची गरजच काय, असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. शहर चालले हे खरे. पण त्या काळात आयुक्त हेच प्रशासक होते. अर्थसंकल्प प्रशासनाने मांडावा आणि प्रशासनाच्याच प्रमुखाने तो मंजूर करावा, अशी स्थिती होती. भर सभागृहात उठून "हा पैसा कोठे गेला?" असे विचारणारा कोणीही नव्हता. २०११ च्या जनगणनेनुसार प्रत्येक प्रभागात सरासरी ५४ हजारांहून अधिक माणसे राहतात. एवढ्यांच्या वतीने हा प्रश्न विचारणाऱ्यास आपण काय देतो, यावरून त्या प्रश्नाची आपणांस किती किंमत आहे, हे ठरेल. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे कार्यकर्ते एके काळी या शहरास भरपूर लाभले. त्यांच्या त्यागावर आणखी किती दिवस काढावयाचे, याचा विचार आता नागरिकांनी केला पाहिजे. प्रतिनिधीस योग्य मोबदला उघडपणे द्यावा आणि त्याच्याकडून पैन्‌पैचा जाब तितक्याच उघडपणे मागावा. मोबदला न देता जाब मागणाऱ्याचा आवाज नेहमीच थोडा दबका राहतो.