गड आहेत, गाडी नाही

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांना मान्यता दिली. त्यातले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. मराठवाड्यातला एकही नाही. निकषच तसा होता, तेव्हा रुसण्याचे कारण नाही. शिवाय वेरूळ आणि अजिंठा यांना हा मान १९८३ सालीच मिळाला आहे. पण त्या मानातून गावांच्या पदरात काय पडले? पर्यटक मोटारीतून उतरतो, लेणी पाहतो आणि संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरातल्या हॉटेलात परततो. वाटेवरच्या गावाला मिळतात ते फार तर चहाचे पैसे.

पाठीवर पिशवी टाकून कमी खर्चात डोंगर हिंडणाऱ्याचे गणित उलटे असते. तो रोज थोडेच खर्च करतो, पण जेथे पोहोचतो तेथेच जेवतो आणि तेथेच झोपतो. शेजारच्या श्रीलंकेचे उदाहरण घेऊ. २०२२ साली तो देश दिवाळखोर झाला, पेट्रोलसाठी रांगा लागल्या. सावरताना पर्यटनाचा मोठा आधार झाला आणि त्यात केवळ समुद्रकिनारे नव्हते. ब्रिटिश काळातील चहामळ्यांच्या जुन्या पायवाटा जोडून कँडी ते नुवारा एलिया अशी तीनशे किलोमीटरहून लांब, बावीस टप्प्यांची 'पेको' वाट तेथे आखली गेली. नवे बांधकाम फारसे नाही. होती तीच वाट, त्यावर खुणा आणि वाटेतल्या गावांतून मुक्काम. श्रीपाद शिखर तर २,२४३ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सुमारे सहाशे मीटरने अधिक. डिसेंबर ते मे या यात्राकाळात पाच हजारांहून अधिक पायऱ्या म्हाताऱ्या बायकाही रात्री चढतात, कारण वाटेवर दिवे असतात आणि जागोजागी चहाची टपरी. डोंगराचे हे अर्थकारण नाजूकही आहे. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या दितवा चक्रीवादळात याच डोंगराळ भागात दरडी कोसळून शेकडो माणसे दगावली.

आता आपल्याकडे पाहू. कन्नड तालुक्यात अंतूर, सोयगाव तालुक्यात सुतोंडा आणि वेताळवाडी, जवळच जंजाळ्याचा वैशागड व त्याच्या कुशीत वाकाटककालीन घटोत्कच लेणे. सुतोंड्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी इतकी, की पाण्याविना तडफडणाऱ्या मराठवाड्याने ती मुद्दाम जाऊन पाहावीत. अंतूरच्या वाटेवर चारही दिशांचे रस्ते सांगणारा फारसी मजकुराचा दगडी खांब निजामशाहीच्या काळापासून उभा आहे. चारशे वर्षांपूर्वी वाटसरूला रस्ता सांगण्याची तजवीज होती, आज गुराख्याला विचारावे लागते! गौताळा अभयारण्यात २०२१ च्या मार्चमध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ येऊन दाखल झाला. तोही पायीच, आणि बहुधा कुणाला न विचारता.

माणसाला मात्र एवढे सोपे नाही. कन्नडपर्यंत एस.टी. मिळते. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत. म्हणजे आजी, आई आणि दोन मुले अशा कुटुंबाला तालुक्याचे गाव गाठणे परवडते. अडते ते पुढे. नागापूरकडे सकाळी पोहोचायचे आणि संध्याकाळी परतायचे, तर खाजगी जीप ठरवावी लागते आणि स्वस्त सहलीचा हिशेब तेथेच कोलमडतो. मग ज्यांच्याकडे मोटार आहे तेच येतात, डबा घरून आणतात, प्लास्टिकच्या बाटल्या मात्र गडावर ठेवून जातात.

अशा वेळी रोपवे आणि भव्य विश्रामगृहांच्या मागण्या होतात. त्याआधी स्वस्त गोष्टी करून पाहायला हरकत नाही. पावसाळा ते हिवाळा या काळात दर रविवारी पहाटे मध्यवर्ती बसस्थानकावरून नागापूर आणि बनोटीकडे एकेक गाडी, सायंकाळी परतीची हमी. टाक्यांजवळ धोक्याची पाटी. वनखात्याच्या नियमांत राहून वाट दाखवणारे गावातले चार-सहा प्रशिक्षित तरुण. नाहीतर तेच तरुण वाळूजच्या कारखान्यांच्या दारात उभे राहतात. पर्यटन महामंडळाची न्याहारी-निवास योजना कागदावर आहेच. ती गावातल्या ज्या बाईच्या हातची पिठलं-भाकरी खाऊन पाहुणा तृप्त होईल, तिच्या ओसरीपर्यंत नेऊन तिचा अर्ज कोणीतरी भरून द्यायला हवा.