आईबापांनाही आधार हवा

‘बोलेल हळूहळू, बापही उशिराच बोलला होता.’ तीन वर्षांचे मूल हाकेला वळून पाहत नाही, तेव्हा घरात हेच ऐकू येते. मग नवस, अंगारे आणि शेवटी आईलाच दोष. मुलाच्या उपचाराची सोनेरी वर्षे यातच निघून जातात.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतात. विकासातील विलंबही त्यात पाहिला जातो. पण निदानाची चिठ्ठी हातात पडल्यावर आईबापांच्या मनाचे काय? धक्का, अपराधीपणा, एकमेकांवरचा राग, पुढच्या बाळंतपणाची भीती हे सारे ऐकून घेणारा समुपदेशक गावात नसतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सावर्ड्याच्या आसपासच्या वाड्यांतून रत्नागिरी शहर गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, आणि समुपदेशन एका फेरीत संपत नाही. सासू आणि वडील सोबत आले, तरच त्याचा उपयोग.

जवळच डेरवणला वालावलकर रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा परिषदेने त्यांच्या मदतीने सावर्ड्यात महिन्यातला एक दिवस या पालकांसाठी ठरवावा. अंगणवाडी सेविकांनी कुटुंबांना तिथवर आणावे. तोवर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक पालकांनी जरूर वापरावा.