अब्बांची तिलावत गाडीत



एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या मरहूम अब्बांनी शेवटच्या रमजानमध्ये केलेली तिलावत घरच्या जुन्या लॅपटॉपवर रेकॉर्ड झाली होती. आता अम्मीला घेऊन सगळे ईदला गावी निघाले आहेत. वाटेत हा आवाज ऐकावा अशी अम्मीची इच्छा आहे. गाडीच्या स्टिरिओला ब्लूटूथ नाही. मुलाने लॅपटॉप यूएसबी वायरने स्टिरिओला जोडला, पण काहीच वाजले नाही. पेन ड्राइव्ह लावला, तर फाइल दिसलीच नाही.

ताई, बिघाड कशातच नाही. स्टिरिओचे यूएसबी सॉकेट पेन ड्राइव्हसारखी साठवणीची वस्तू शोधत असते. लॅपटॉप तशी वस्तू नाही, म्हणून दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. पेन ड्राइव्हचे कारण वेगळे असावे. विंडोजचा आवाज रेकॉर्ड करणारा प्रोग्राम फाइल बहुधा डब्ल्यूएमए किंवा एम-फोर-ए प्रकारात ठेवतो, आणि अनेक जुने स्टिरिओ फक्त एमपी-थ्री वाचतात.

सोपा मार्ग ऑक्स वायरचा. दोन्ही टोकांना हेडफोनसारखी ३.५ मिलिमीटरची पिन असलेली वायर मोबाइलच्या दुकानात मिळते. एक टोक लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घाला. शेजारी माइकचे वेगळे भोक असेल तर त्यात नको. दुसरे टोक स्टिरिओच्या ऑक्समध्ये घाला आणि ‘मोड’ किंवा ‘सोर्स’ बटण दाबून ऑक्स निवडा. आधी स्टिरिओचा आवाज अगदी कमी ठेवा, लॅपटॉपचा पाऊण भागापर्यंत वाढवा, मग स्टिरिओचा हळूहळू वाढवा. लॅपटॉपचा आवाज फारच कमी ठेवला तर स्टिरिओ वाढवताना खरखरही वाढते.

लॅपटॉप गाडीतल्या चार्जरवर लावला की कधी कधी घूंऽऽ असा आवाज येतो, आणि इंजिनाचा वेग वाढला की तोही चढतो. चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर कारण तेच. घरून पूर्ण चार्ज करून निघा आणि बॅटरीवर चालवा. प्रवास लांबचा असेल तर ऑक्स वायरच्या मध्ये बसणारा ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ मिळतो, तो लावा.

लॅपटॉप डॅशबोर्डवर ठेवू नका; ब्रेक लागला तर तो कोणाच्या तरी अंगावर येईल. मागच्या सीटवर कोणीतरी मांडीवर घ्यावा. झाकण मिटले की तो झोपी जातो आणि आवाज बंद पडतो, म्हणून झाकण उघडे असू द्या. गाडी चालवणाऱ्याने त्याला हात लावू नये.

पण ताई, वायर आणण्याआधी एक काम करा. तुमच्या पत्रावरून असे दिसते की ही तिलावत त्या एकाच लॅपटॉपमध्ये आहे. जुन्या मशीनची हार्ड डिस्क सांगून बंद पडत नाही. आजच मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि आणखी एक प्रत भावाच्या कॉम्प्युटरवर ठेवा. मग व्हीएलसी या मोफत प्रोग्राममध्ये ‘मीडिया’ मेनूतील ‘कन्व्हर्ट’ वापरून एमपी-थ्री प्रत तयार करा. फाइलचे नुसते नाव बदलून प्रकार बदलत नाही. ही प्रत एफएटी-३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर घातली की बहुतेक स्टिरिओ ती वाजवतात, आणि लॅपटॉप गावी नेण्याचीही गरज उरत नाही. मूळ फाइल मात्र पुसू नका.

तिलावत चालू असताना गाडीतल्या गप्पा थांबवाव्यात, हा अदब मुलांनाही सांगा. टोलनाक्यावर, चहाच्या वेळी किंवा मुलांची भांडणे सुरू झाली तर आवाज बारीक करण्याऐवजी तिलावतच थांबवा आणि नंतर पुढे लावा. अम्मीला मध्येच डोळे पुसावेसे वाटले तर पुसू द्या. अल्लाह मरहूमांची मगफिरत करो आणि तुमचा प्रवास सुखरूप होवो, आमीन.