डॉल्बीची भिंत आणि सुतारकाकांचा कर्णा

आधी कबुलीजबाब. मागच्या गणपतीत मी गावच्या मंडळाला दोन हजार एक रुपये वर्गणी दिली. पावतीवरचं नाव बघून बरंही वाटलं. पुण्यात राहतो, महिन्यातून एखाद्या विकांताला गावी जातो, तेव्हा एवढं तरी केलंच पाहिजे, वगैरे वगैरे. मग विसर्जनाच्या आदल्या रात्री ट्रॉलीवर रचलेली डॉल्बीची भिंत नेमकी आमच्याच दारासमोर येऊन थांबली. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या, फडताळातली भांडी वाजायला लागली, आणि एक्क्याण्णव वर्षांची आजी छातीवर हात दाबून विचारत होती, "आरं, कवा जायाचं हे?"

मी बाहेर जाऊन सांगितलं का? नाही. भिंतीचा अर्धा मालक माझा चुलतभाऊच होता.

आमचं गाव बारामतीहून इंदापूरला जाताना निमगाव केतकीच्या अलीकडे. उसाचा, द्राक्ष-डाळिंबांचा पट्टा. तुकोबांची पालखी दरवर्षी याच वाटेने जाते आणि बेलवाडीला रिंगण होतं. हजारो माणसं टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावलं टाकतात, पण कुणाच्या घरची भांडी फडताळातून खाली येत नाहीत. तोच गाव दोन-अडीच महिन्यांनी असा का वागतो, हा प्रश्न मला त्या रात्रीपासून छळतोय.

आता गंमत बघा. ज्या रे डॉल्बी नावाच्या इंजिनिअरचं नाव आपण या भिंतीला देऊन टाकलंय, त्याने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि नाव कमावलं ते ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. म्हणजे आयुष्यभर ज्याने गोंगाट कमी करायचा धंदा केला, त्याचंच नाव आपल्याकडे गोंगाटाला पडलं. बिचारा २०१३ साली वारला. त्याला हे कुणी सांगितलं नसावं अशी आशा आहे.

पण नुसतं गावाला नावं ठेवून चालणार नाही. आपण शहरातले शहाणे काय वेगळं करतो? साउंडबार घेताना पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचा?" हप्त्यांवर घेतो, टीव्हीखाली ठेवतो, पाहुणे आले की त्यांच्या छातीत धडधड होईल असं एखादं दृश्य लावून दाखवतो. गावातली भिंत आणि आपला साउंडबार यांच्यात फरक फक्त आकाराचा आहे. अक्कल तेवढीच.

वॅट म्हणजे आवाज नव्हे. वॅट म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकरच्या गळ्यात कोंबलेली वीज. साध्या खोक्यातला स्पीकर त्यातल्या शंभर वॅटांपैकी जेमतेम एका वॅटचा आवाज करतो, पुष्कळदा तेवढाही नाही. बाकीची वीज आतल्या कॉइलला तापवण्यात जाते. वर पुन्हा हिशोब असा, की वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. दहाचे शंभर, शंभराचे हजार. मग मोठा जनरेटर, मोठी ट्रॉली, मोठं कर्ज, आणि ते फेडायला मोठी वर्गणी. हे चक्र कुठेतरी सुरू झालंय आणि त्यातून कुणालाच बाहेर पडता येत नाहीये.

"मग बंदी घाला की!" असं लगेच म्हणाल. अहो, नियम आहेतच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर सविस्तर निकालही दिला. तरी मागच्या वर्षी आजी झोपली नाहीच. कायदा लागतोच, पण ज्यांना मोठा आवाज म्हणजेच चांगला आवाज असं मनापासून वाटतं, त्यांच्या कानांचं कायदा काय करणार? त्यांना दुसरं काही ऐकवायला नको का? आणि ते ऐकवणार कोण? आपण तर दहावीनंतर हातात करवत धरलेली नाही.

म्हणून मी ठरवलं की एक कर्णा बनवायचा.

कर्णा म्हणजे शास्त्रीय भाषेत हॉर्न. लांब उसाच्या फडातल्या माणसाला हाक मारायची तर आपण काय करतो? तोंडाभोवती दोन्ही हातांचा द्रोण करून हाळी देतो. फुप्फुसं तीच, गळा तोच, पण आवाज लांब जातो. स्पीकरचा कागदी पडदा जड आणि हवा विरळ, त्यामुळे पडदा नुसताच हवेत हात मारल्यासारखा हलत राहतो. त्याच्यापुढे अरुंद तोंडाचं, हळूहळू रुंदावत जाणारं नरसाळं लावलं की पडद्याला ढकलायला काहीतरी घट्ट मिळतं. सायकलच्या गिअरसारखंच. पायातला जोर तोच, पण दात नीट बसले की चढ चढता येतो. वीज नव्हती तेव्हा ग्रामोफोनचा सगळा कारभार याच जोरावर चालायचा. पुढे १९४०च्या दशकात अमेरिकेत पॉल क्लिप्शने खोलीचा कोपराच हॉर्नचा शेवटचा भाग म्हणून वापरला. थोडक्या वॅटांची चणचण होती, म्हणून डोकं वापरावं लागलं. वॅट स्वस्त झाले आणि डोक्याची गरज संपली.

तर आमच्या कर्ण्याचा हिशोब. मी पुण्यात तापकीर गल्लीतून चार इंची फुल-रेंज ड्रायव्हर आणला. फुल-रेंज म्हणजे तार आणि खर्ज दोन्ही एकाच पडद्यातून काढणारा. त्याचा पडदा साधारण ५० चौरस सेंटिमीटर. या पडद्याची पुढची बाजू सरळ श्रोत्यांकडे आणि मागची बाजू पेटीतल्या घडी घातलेल्या हॉर्नमध्ये सोडायची. पुरुषाच्या आवाजासाठी १०० हर्ट्झपर्यंत खाली जायचं ठरवलं. तर हॉर्नचं क्षेत्रफळ दर १९ सेंटिमीटरला दुप्पट व्हायला हवं. पेटी देवळाच्या भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवली, तर भिंत आणि जमीन दोन्ही मदतीला येतात. मग हॉर्नचं तोंड ४८ सेंटिमीटरच्या चौकोनाएवढं पुरतं आणि लांबी एक मीटरपेक्षा थोडीशीच जास्त. हेच ५० हर्ट्झपर्यंत न्यायचं तर तोंड चौपट आणि लांबी पावणेतीन मीटरच्या पुढे. एक सप्तक खाली उतरायची ही किंमत आहे! हा आकडा स्वतःच्या हाताने काढला की 'बेस' हा शब्द माणूस जपून वापरायला लागतो.

कागदावरचं चित्र घेऊन मी गावातल्या सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "पेटी करायची का भूलभुलैया?" पण १२ मिलिमीटरच्या प्लायवूडचा एकच ताव असा काही कापला की हातभर तुकडा उरला. माझ्या संगणकावरच्या आराखड्यात दोन ताव लागत होते.

पहिला प्रयत्न सपशेल आपटला. बुवांची जुनी ध्वनिफीत लावली, तर बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा आवाज. पडद्यामागची कोठी मी फारच लहान ठेवली होती, त्यामुळे खालच्या सुरांबरोबर मधले सूरही हॉर्नमधून बाहेर पडत होते. तेही मीटरभर वळसा घालून, म्हणजे तीन मिलिसेकंद उशिरा. प्रत्येक शब्द समोरून एकदा आणि मागून एकदा. शिवाय एका सांध्यातून हवा फुसफुसत होती, ती सुतारकाकांनी हाताच्या तळव्याने शोधली. मी तोपर्यंत आलेख काढत बसलो होतो. कोठी मोठी केली, तिच्यात गादीचा पिंजलेला कापूस भरला, सांधे फेविकॉलने पुन्हा बुजवले. दोन विकांत गेले. सगळा खर्च सहा हजारांच्या आतबाहेर. भिंतीच्या एका रात्रीच्या भाड्याशी याची तुलना तुम्हीच करा.

हिवाळ्यात गावात अखंड हरिनाम सप्ताह होता. दरवर्षी देवळाच्या कळसाखाली पत्र्याचे दोन भोंगे बांधतात. त्यातून बुवा काय बोलतात ते बुवांनाही कळत नसेल. यंदा दोन रात्री माझी पेटी लावायची परवानगी मिळाली. दहा वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर, बारा व्होल्टची बॅटरी. वीज गेली तरी कीर्तन थांबलं नाही. तीस फुटांवर मोबाइलमधलं मापक सत्तर-बाहत्तर दाखवत होतं. ते मापक छातीठोक नसतं हे मान्य, पण मांडवाच्या शेवटच्या रांगेतली माणसं पुढे सरकून बसत नव्हती, हे माप मला पुरेसं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने बुवांनी दिलेला दाखला मला अख्खा सांगितला. ती देवळात गेलीच नव्हती, ओसरीवर बसून ऐकत होती.

उणीव होतीच. पखवाजाच्या डाव्या पुडीचा भरदार घुमारा पातळ आला. १०० हर्ट्झच्या हॉर्नकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करता येत नाही, हे मी आधीच लिहून ठेवायला हवं होतं.

आता आक्षेप. पहिला आक्षेप माझाच. डीजेवाल्यांच्या कित्येक खोक्यांतही हॉर्नच असतो, मग तुझ्या कर्ण्याचं काय कौतुक? बरोबर आहे. हॉर्न काही संत नव्हे. हॉर्नमुळे वाचलेल्या वॅटांतून त्यांनी आणखी मोठी भिंत रचली, मी तेच वॅट वाचवून गप्प बसलो. फरक एवढाच की मी आधी प्रश्न विचारला, किती माणसांना, किती अंतरावर, काय ऐकवायचंय? भिंत भाड्याने आणणारा हा प्रश्न विचारतच नाही. त्याला शेजारच्या मंडळापेक्षा मोठी भिंत हवी असते.

दुसरा आक्षेप हौशी श्रोत्यांचा. त्यांच्या मते लाखाचा परदेशी ड्रायव्हर आणि त्याला शोभणारा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर हॉर्न बनवण्यात अर्थ नाही. त्यांना नम्रपणे सांगतो, वॅटांऐवजी रुपये मोजले म्हणून रोग बदलत नाही.

तिसरा आक्षेप दादाचा, म्हणजे भिंतीच्या अर्ध्या मालकाचा. त्याला उत्तर देणं मला सगळ्यात जड जातं. "तुला पुण्यात बसून बोलायला काय जातंय? माझा हप्ता कोण भरणार? पोरं आवाज मागत्यात, मी देतो." हप्ता खरा आहे. ऊसाच्या बिलावर घर चालत नाही म्हणूनच त्याने हा जोडधंदा काढला. पण हे बोलताना त्याने मला तीनदा "काय म्हणला?" असं विचारलं. चाळिशीही आली नाही त्याची. ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, असं कानाचं शास्त्र सांगतं. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. दादा हंगामात रात्र-रात्र भिंतीला पाठ लावून उभा असतो. आजीची एक रात्र गेली, त्याचे कान चाललेत. वर्गणी देणारे आपण सगळे त्याच्या बहिरेपणाचा हप्ता भरतोय.

यंदा मी मंडळाला सांगितलं, पैसे दुप्पट देतो, पण मिरवणुकीला ढोल-लेझीम आणा आणि मंडपात माझी पेटी लावा. पोरांनी ऐकून घेतलं. म्हणाली, "पेटी पाराला ठीक हाय, मिरवणुकीला नाय." मी वर्गणी दिली नाही. यादीत नाव नाही म्हणून वडील माझ्याशी आठवडाभर धड बोलले नाहीत. चारचौघांत त्यांना खाली बघावं लागलं हे मला दिसतंय, आणि तरीही मी माझ्या जागी बरोबर आहे असं मला वाटतं.

मंडळी, तुमच्यापैकी पुष्कळांची गावं अशीच असतील आणि वर्गणीची पावती तुमच्याही खिशात असेल. सोशल मीडियावर डीजेच्या नावाने बोटं मोडायची आणि फोन आला की गुपचूप पैसे पाठवायचे, हे आपण थांबवू या. अट घाला. वाईटपणा घ्या. आणि जमल्यास एखादा विकांत सुतारापाशी बसून एक पेटी बनवा. तुमची पहिली पेटी बादलीसारखीच वाजेल. पण एक डेसिबल कमवायला काय लागतं ते एकदा हाताला कळलं, की तो फुकट उधळायची इच्छा उरत नाही.

परवा दादा येऊन पेटीपाशी उकिडवा बसला. बराच वेळ आत डोकावून पाहत होता. मग विचारलं, "लग्नातल्या मंगलाष्टकांना चालंल का रं हे?"

मी म्हटलं, चालेल. दोनदा म्हटलं.