मातीची पत्रिका मांडणाऱ्यांस

प्रति,
मृद आरोग्य पत्रिका योजना राबवणारे केंद्रातील व राज्यातील जबाबदार अधिकारी

विषय : बार्शीच्या जमिनीची अर्धवट नोंद

महोदय,



मी बार्शी तालुक्यातला एक कोरडवाहू शेतकरी. साडेनऊ एकरांचा सातबारा माझ्या नावावर आहे. पत्र्याच्या पेटीत त्या सातबाऱ्याखालीच आपण दिलेली मृद आरोग्य पत्रिका ठेवलेली आहे. तिच्यात बारा आकडे आहेत : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. त्याखाली पिकांची नावे आणि खतांच्या मात्रा. इतक्या वेळा वाचली की आकडे पाठ झाले. तरी जमिनीबद्दल पेरणीआधी मला जे माहीत असायला हवे, ते तिच्यात सापडत नाही. ते का सापडत नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितो आहे.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगढला पंतप्रधानांच्या हस्ते ही योजना सुरू झाली. पुढे शब्द मिळाला तो असा, की देशातल्या प्रत्येक शेतकऱ्याला दर दोन वर्षांनी पत्रिका मिळेल. २०१५ ते २०१७ ही पहिली फेरी झाली, २०१७ ते २०१९ ही दुसरी. मग २०१९-२० साली आपण हात आखडला आणि प्रत्येक तालुक्यातून एकच आदर्श गाव धरायचे ठरवले. देशभरात अशी ६,९५४ गावे निवडली गेली. देशात गावे सहा लाखांच्या वर आहेत. प्रत्येक शेतकऱ्याला, दर दोन वर्षांनी, हा शब्द दिला होता की नव्हता? दिला असेल, तर तो बदलताना शेतकऱ्याला कोणी विचारले?

नमुन्याचा नियम आपलाच. बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकटीला एक नमुना, जिरायतीत दहा हेक्टरांच्या चौकटीला एक. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. आमच्याकडे पंचवीस एकरांत जमीन किती वेळा बदलते, हे बघायला कधी बांधावर उभे राहा. माझ्या साडेनऊ एकरांतच तीन जमिनी आहेत. वर माळाच्या अंगाला मुरमाड. वीतभर खाली कुदळ लागली की खण्ण आवाज येतो. मधली पट्टी मध्यम. ओढ्याला लागून भारी काळी, जिच्या भेगेत मे महिन्यात हात कोपरापर्यंत जातो. या तिन्हींना, शिवाय शेजारच्या खातेदारांच्या रानाला, नियमाप्रमाणे नमुना एक आणि खताची मात्राही एक. आदर्श गावांच्या वेळी आपण ही चौकटींची पद्धत सोडून प्रत्येकाच्या रानातून वेगळा नमुना घ्यायला सांगितलेत. म्हणजे दुखणे कुठे आहे, ते आपल्याला कळले होते. मग औषध तालुक्यातल्या एकाच गावाला का?

नमुना काढायची रीत मला माहीत आहे. वरचा पाला बाजूला करायचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा आणि वरच्या पंधरा सेंटिमीटरांची माती पिशवीत भरायची. पंधरा सेंटिमीटर म्हणजे अर्धा फूट. खतासाठी ते ठीक आहे. पण आमची शेती खताआधी पाण्यावर चालते. भारी काळीत आम्ही खरिपाला जमीन मोकळी ठेवतो, पाऊस तिच्या पोटात साठवतो आणि उत्तरा-हस्ताच्या सुमाराला वाफसा बघून ज्वारी पेरतो. पुढचे चार महिने ते पीक या साठ्यावर जगते. मीटरभर खोल काळीत पिकाला उचलता येईल असे दीड-दोनशे मिलिमीटर पाणी मावते. फूटभर मुरमाडीत त्याच्या चौथाईची आशा धरायची. हा हिशेब खोलीवरून लागतो, आणि आपल्या पत्रिकेत खोलीचा रकानाच नाही.

हे सांगायला मी कोणी शास्त्रज्ञ नाही, पण सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची रब्बी ज्वारीची शिफारस सुरूच होते ती जमिनीच्या खोलीपासून : हलक्या जमिनीला 'फुले अनुराधा', मध्यमला 'फुले सुचित्रा', भारीला 'फुले वसुधा'. सरकारचेच विद्यापीठ म्हणते, आधी खोली सांग, मग वाण सांगतो. सरकारचीच पत्रिका खोली विचारत नाही. आम्ही कोणाचे ऐकायचे?

चुनखडीचेही तेच. आमच्या काळ्या जमिनीत पांढरे खडे दिसतात. जुनी माणसे त्यावरून कोणत्या तुकड्यात काय येणार नाही ते सांगत. अशा जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. सोयाबीनची शेंड्याची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पत्रिका म्हणते, लोह कमी. शेतकरी दुकानातून फेरस सल्फेट आणून जमिनीत टाकतो, आणि चुना तेही अडकवून ठेवतो. तिथे फवारणी लागते किंवा चिलेटच्या रूपातले लोह लागते. हे ठरवायचे तर जमिनीत मुक्त चुना किती, हे आधी माहीत हवे. बारा आकड्यांत तो तेरावा आकडा नाही. खताच्या दुकानाला होणारा फायदा सोडला, तर ही तपासणी वगळून कोणाचे भले झाले?

याहून गंभीर गोष्ट अर्ध्या फुटाच्या खाली आहे. कमी पावसाच्या मुलखात काळ्या मातीत चुनखडी हळूहळू तयार होत राहते, कॅल्शियम तिच्यात अडकतो आणि खालच्या थरांत सोडियमचा वाटा वाढतो. चिकणमातीचे कण मग सुटे होतात, पाण्याच्या वाटा बुजतात आणि जमीन आतून चोपण होत जाते. वरून ती काळीभोर, कसदार दिसते. पाऊस मात्र मुरत नाही, वरच तुंबतो. हे आपल्याच नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खड्डे खणून दाखवले आहे. जमिनीचा हा आजार हवामानातून येतो, म्हणून प्रयोगशाळेचा आकडा पावसाच्या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय तो का होतो ते कळत नाही. मग पत्रिकेत पाऊस कुठे आहे?

आता मूळ मुद्दा. देशातल्या मातींना शास्त्रज्ञांनी गावांची नावे दिली आहेत आणि त्या यादीत 'बार्शी' नावाची माती आहे. बेसॉल्ट खडकाच्या मुलखातली, भेगाळणारी, चुनखडीयुक्त भारी काळी, व्हर्टिसॉल गटातली. अशी माती नोंदवायची तर माणसाएवढा खड्डा घेतात. थर मोजतात, ओल्या ढेकळाचा रंग मन्सेलच्या रंगपुस्तिकेशी ताडून बघतात, भेगा कुठवर गेल्या ते पाहतात, प्रत्येक थराची माती वेगळी तपासायला पाठवतात. जमिनीचा उतार, निचरा, खालचा खडक, वर्षाचा पाऊस, हवेची उष्णता, सगळे एका नोंदीत बसवतात. प्रयोगशाळा, हवामान आणि भूरूप या तिन्ही साक्षी जुळल्या, तरच मातीला नाव मिळते. आमच्या गावाचे नाव ज्या मातीला मिळाले, तिला आपण हा मान दिलात. तिच्यावर राबणाऱ्याला मात्र अर्ध्या फुटाची एकच साक्ष.

नकाशा आहे, असे आपण म्हणाल. आहे. महाराष्ट्राच्या मातीचा नकाशा नागपूरच्या याच ब्युरोने १९९५ साली पुस्तकासह छापला, त्यामागचे सर्वेक्षण १:२,५०,००० या प्रमाणावरचे. त्या प्रमाणावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अडीच किलोमीटर. नखाएवढ्या जागेत सव्वासहाशे हेक्टर मावतात. माझा ओढा आणि माझा माळ त्यात एकाच रंगाखाली जातात. राज्याच्या नियोजनाला तो नकाशा उपयोगी पडला असेल, शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही. १:१०,००० या प्रमाणावर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे एक हेक्टर, म्हणजे शेत दिसू लागते. देशातल्या सुमारे १४ कोटी २० लाख हेक्टर शेतजमिनीचे त्या प्रमाणावर नकाशे करण्याचे काम केंद्राने हाती घेतले आहे. बार्शी तालुक्याची पाळी कोणत्या वर्षी, एवढे तरी जाहीर करता का?

हे जमत नाही, असेही नाही. आमच्या शिवेपलीकडे धाराशिव जिल्हा लागतो. तिथली गावे २०१८ साली जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे 'पोकरा'त होती. त्यासाठी आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत तयार करून दिली. मातीचा प्रकार, तिची खोली, रानाचा उतार आणि पडलेला पाऊस एकत्र घेऊन किती मुरले, किती वाहून गेले, पिकाला किती मिळाले, हे त्यातून काढता येते. पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत सोलापूर नव्हते. जिल्ह्याची हद्द कागदावर असते. बालाघाट डोंगररांगेचा उतार आणि काळी जमीन हद्द पाहून थांबत नाहीत. मग शिवेच्या एका बाजूला पाण्याचा ताळेबंद आणि दुसऱ्या बाजूला खताची यादी, असे का?

पाऊस आपण मोजत नाही, असे नाही. महसूल मंडळात यंत्र आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांवर पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते आणि पंचनाम्याला तोंड फुटते. पण तोच पाऊस माळावर दहा मिनिटांत वाहून जातो आणि काळ्या रानात आठ दिवस वाफसा येऊ देत नाही. पाऊस सारखा, नुकसान वेगळे. मातीचा नकाशा एका दप्तरात, पावसाचा आकडा दुसऱ्यात, प्रयोगशाळेचा अहवाल तिसऱ्यात. हे तिन्ही कागद एका टेबलावर ठेवायला कोणती अडचण आहे?

हे कागद वेगळे राहिल्याची किंमत २०२५ च्या सप्टेंबरने दाखवली. सीना नदीला आलेला पूर आपण पाहिलात. ओढ्या-नद्यांच्या काठची रानेच्या राने खरडून गेली, काही ठिकाणी खालचा मुरूम उघडा पडला. ऑक्टोबरमध्ये सरकारने मदत जाहीर केली. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंत. मदतीचे मोल मी नाकारत नाही. पण कोणाची किती माती गेली, हे मोजायचे तर ती आधी किती होती, हे कुठेतरी लिहिलेले हवे. चार फूट काळी गेलेला आणि अर्धा फूट मुरूम गेलेला, दोघांचे हेक्टर कागदावर सारखेच. पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या जमिनीची खोली कोणत्याच सरकारी कागदावर नसावी, ही लाज कोणाची?

मागण्या फार नाहीत. पत्रिकेत जमिनीची खोली, पोत, मुक्त चुना आणि उतार हे रकाने घाला. गावागणिक निदान तीन ठिकाणी, माळावर, मध्ये आणि ओढ्याकाठी, पूर्ण खोलीचे खड्डे घेऊन थराथराची तपासणी करा आणि तिचा निकाल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लावा. त्याशेजारी मंडळाच्या पावसाचे आकडे ठेवा. बार्शी मातीची जी नोंद आपल्या दप्तरात आहे, ती साध्या मराठीत बार्शीच्या शेतकऱ्याला द्या. यासाठी नवा शोध लावायचा नाही. माहिती आपल्याकडे आहे, ती जमवणारी माणसे आणि पद्धतही आपल्याकडेच आहे.

जाता जाता एक. गेल्या उन्हाळ्यात मी ओढ्याकाठच्या रानात स्वतः खड्डा घेतला, पाच फूट खोल. वर ढेकळे, त्याखाली एकसारखी काळी. तीन फुटांखाली माती तिरप्या पापुद्र्यांनी निघत होती, एकमेकींवर घासून चकचकीत झालेली. तळाला हरभऱ्याएवढे चुन्याचे खडे. दोन दिवसांत माझ्या जमिनीबद्दल जे कळले, ते त्या बारा आकड्यांतून इतक्या वर्षांत कळले नव्हते. तो खड्डा मी अजून बुजवलेला नाही. भोवती बाभळीचे काटे टाकून ठेवले आहेत. आपल्यापैकी कोणाला यायचे असेल, तर पेरणीच्या आधी यावे.

कळावे,

आपला,
बार्शी तालुक्यातील एक खातेदार