ग्रहण, विळी आणि सहावे बोट

बाळ जन्मले की घरातली वडीलधारी मंडळी आधी त्याची बोटे मोजतात. पाच असली तर पेढे वाटतात. सहा असली किंवा दोन बोटे जुळलेली असली, की बाळंतिणीची उलटतपासणी सुरू होते. "ग्रहणात विळीला हात लावला होतास का? काही चिरलेस का?" ग्रहण सुटल्यावर रामकुंडावर स्नानाला जावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण बाळाच्या व्यंगाचा दोष ग्रहणाच्या नावाने आईच्या माथी मारणे हा निव्वळ अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी वेळेचा हिशेब पाहू. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या अंगावर हातापायांचे बारीक कोंब फुटतात. आठव्या आठवड्याअखेर बोटे सुटी झालेली असतात. म्हणजे पाळी चुकल्यापासून साधारण दीड महिन्यात हे काम आटोपते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, तोवर बोटे तयार होऊन चारेक महिने उलटलेले असतात. त्यानंतरचे ग्रहण बोटांची संख्या कशी बदलणार?

मग बोटे ठरतात कशी? कोंबाच्या टोकावरील पेशी 'वाढत राहा' असा रासायनिक संदेश देतात, म्हणून हात लांब होतो. करंगळीच्या बाजूच्या पेशींचा एक पुंजका दुसरा संदेश सोडतो. त्याचे प्रमाण जिथे जास्त तिथे करंगळी, दूरच्या टोकाला अंगठा. कोंबडीच्या गर्भात असा पुंजका पंखाच्या विरुद्ध बाजूलाही बसवला, तेव्हा आरशातल्या प्रतिमेसारखी जादा बोटे उगवली! हा संदेश देणारे प्रथिन १९९३ साली ओळखले गेले. 'सॉनिक हेजहॉग' हे त्याचे नाव एका व्हिडिओ गेममधील पात्रावरून पडले आहे. शेवटी बोटांमधल्या पेशी मरतात आणि बोटे सुटी होतात. तसे झाले नाही, तर ती जुळलेली राहतात.

या संदेशाचे नियंत्रण करणाऱ्या जनुकीय मजकुरात एक अक्षर बदलले, तरी अंगठ्याशेजारी जादा बोट येऊ शकते. कित्येक घराण्यांत सहावे बोट पिढ्यान् पिढ्या चालते, आणि ते वडिलांकडूनही येते. पण वडिलांची उलटतपासणी कोणी घेत नाही!

काळजी घ्यायची ती खऱ्या धोक्याची. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीला आले. उलट्या थांबाव्यात म्हणूनही गरोदर स्त्रियांनी ते घेतले. १९६१ मध्ये ते मागे घेतले जाईपर्यंत जगभर हजारो बालके आखूड हातापायांची जन्मली. म्हणून पाळी चुकताच डॉक्टरांना सांगा आणि दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका.

व्यंग असलेच, तर बाळ लपवू नका. जादा बोट घरी दोरा बांधून काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नका. पाऊल आत वळलेले असेल, तर पहिल्या काही आठवड्यांतच प्लॅस्टर सुरू केल्यास बहुतेक मुलांचे पाय मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ होतात. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी व उपचार मोफत होतात. अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

सासूबाईंनो, सुनेला ग्रहणाचा जाब विचारण्यात गेलेला वेळ बाळाच्या उपचारांतून वजा होत असतो, एवढे ध्यानात ठेवा.