कोळशाचं नाव घ्यायला भीती कसली?

चंद्रपुरात मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. सराव परीक्षेत ठरलेला प्रश्न होता: जागतिक तापमानवाढीची कारणे व परिणाम लिहा. एका मुलीनं पहिलंच कारण लिहिलं, ‘आमच्या गावच्या थर्मलमध्ये कोळसा जळतो.’ तपासणाऱ्यानं त्यावर लाल काट मारली आणि समासात शेरा दिला, ‘पुस्तकातले मुद्दे लिही.’ शेजारच्या बाकावर ‘मानवाचा वाढता हव्यास’ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण. त्या लाल रेघेचा संताप अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

हव्यास उष्णता शोषत नाही. कार्बन डायऑक्साइड शोषतो. १२ ग्रॅम कार्बन जळला की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे दहावीच्या कुठल्याही मुलाला मांडता येतं. आमच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरा. सगळे संच पूर्ण क्षमतेनं चालले तर तासाला जवळजवळ २,९०० टन. फळ्यावर तीन ओळींत सुटणारं हे उदाहरण मी चाळलेल्या एकाही गाईडात नाही.

गाईडात ओझोन आहे. ओझोनला भोक पडलं, त्यातून ऊन आत आलं, पृथ्वी तापली! वर्षानुवर्षं मुलं हे घोकतात आणि आम्ही शिक्षक त्यावर बरोबरची खूण करतो. ही आमची लाज आहे. ओझोन विरळ झाला तर अतिनील किरण जास्त येतात, तो वेगळा धोका. तापमानवाढीचं मुख्य कारण वेगळं आहे. उन्हानं तापलेली जमीन अवरक्त किरण बाहेर टाकते, हवेतला कार्बन डायऑक्साइड ते शोषतो आणि त्यातली काही उष्णता पुन्हा खाली पाठवतो. आभाळ भरून आलेल्या रात्री उकडतं आणि निरभ्र रात्रीनंतर पहाटे गारवा येतो, हे प्रत्येक पोरानं गच्चीवर झोपून अनुभवलेलं असतं. ढगही असेच उष्णता अडवतात. तिथून धडा सुरू करा की! युनिस फूट यांनी काचेच्या नळ्यांत वायू भरून उन्हात ठेवले ते १८५६ साली. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली. आऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हातानं आकडेमोड करून दाखवलं की हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे. आणि आम्ही अजून भोकात अडकलोय.

परिणामांच्या रकान्यात ध्रुवीय अस्वल. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला, चिपळूण बुडालं, महाडजवळ तळिये गावावर डोंगर आला. ते सगळं एकट्या तापमानवाढीनं घडवलं असं मी म्हणणार नाही. पण हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते कधी ना कधी खाली येतंच. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जून संपताना उघडतात. का, ते मुलांना विचारा. अस्वलाची गरज पडणार नाही.

सगळ्यात खोटा शब्द ‘मानव’. कुठला मानव? अमेरिकेतल्या सरासरी माणसामागे भारतीयाच्या सुमारे सातपट कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी १९९९ पासून मुंबईच्या दिशेनं वीज नेते. तिकडे एसी चालतो, इकडे मे महिन्यात पारा ४६ च्या पुढे जातो. आणि पत्र्याच्या छपराखाली अभ्यास करणाऱ्या पोरीला आम्ही सांगतो, बाळ, दिवे बंद कर, पाच झाडं लाव, रॅलीत फलक धर. झाडं लावावीतच. पण चिमणीतून काय निघतं ते लपवून लावलेलं रोप म्हणजे मुलांची फसवणूक आहे.

सहकारी म्हणतात, “सर, इथली निम्मी घरं कोळशावर जेवतात, नाव कशाला काढता?” अहो, म्हणूनच काढतो. खाणीत घाम गाळणं हा गुन्हा नाही. त्या मुलीचे वडीलही खाणीतच आहेत. तिनं ते नाव लिहिलं, आणि ज्यांना पगार शिकवण्याचा मिळतो त्यांनी ते खोडलं.

मी भांडून तिचा गुण परत मिळवला. मग ते तासाचं गणित वर्गात फळ्यावर सोडवलं. उत्तर आलं तसा वर्ग गप्प झाला. तीच उठून उभी राहिली. “थर्मल बंद झालं तं बाबानं कुठं जावं, सर?”

मी पुस्तक उघडून पाहिलं. त्यावर एक ओळही नव्हती.